ओवी, जलसा आणि मारणाऱ्याचे नाव

गाण्याने समाज जागा होतो, हे आपल्या चळवळीने जवळजवळ सिद्धान्त म्हणून स्वीकारले आहे. ते खोटे नाही. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचणारा नव्हता, त्या वस्तीत बाबासाहेबांचा विचार ढोलकी, खंजिरी आणि एकतारीवरूनच पोचला. परंतु ‘गाण्याने जागृती होते’ असे म्हणताना तीन साधे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गाणे कोण म्हणतो? कोणाला उद्देशून म्हणतो? आणि ज्याने अन्याय केला त्याचे नाव त्या गाण्यात येते की नाही? स्त्रियांवरील अत्याचाराच्या संदर्भात हे प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या गीतपरंपरेची प्रामाणिक समीक्षा होऊ शकत नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत मला ग्रंथातून मिळालेले नाही. ते एका म्हातारीने दिले.

दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर पालम तालुक्यातील एका गावी होते. शेवटच्या रात्री मारुतीच्या पारासमोर विद्यार्थ्यांनी स्त्री-अत्याचारावर पोवाडा सादर केला. पोवाडा मी लिहिला होता. डफावर मुले, मागे झील ओढायला मुली. लोक बऱ्यापैकी जमले, टाळ्या पडल्या, सरपंचांनी आभार मानले. सामान आवरत असताना एक म्हातारी जवळ आली. म्हणाली, “सर, लेकरांनी लई चांगलं म्हटलं. पण सगळं बाईलाच सांगितलं. शिक, उभी राहा, भिऊ नको, सोसू नको. बाईला काय सांगता? तिला तर ठावंच हाय. हाणणाऱ्याला काई सांगायचं न्हाई का?”

त्या रात्री मी माझाच पोवाडा पुन्हा काढून वाचला, जसा विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका वाचतो तसा. बारा कडवी होती. नऊ कडव्यांतील क्रियापदे आज्ञार्थी होती आणि प्रत्येक आज्ञा स्त्रीला होती. उरलेल्या तीन कडव्यांत अत्याचाराचे वर्णन होते, पण कसे? ‘मारहाण होते’, ‘छळ होतो’, ‘जाळले जाते’. जसा पाऊस होतो, जसा दुष्काळ पडतो, तशी मारहाण होते. बारा कडव्यांत मारणारा कोठेही नव्हता. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने कर्ता नसलेली वाक्ये लिहिली होती, आणि ती लिहिताना त्याला काही खटकले नव्हते.

ही केवळ माझ्या कवित्वाची उणीव असती तर मी हा लेख लिहिला नसता. कर्त्याला लपवण्याची ही सवय माझी एकट्याची नाही. आपल्या गीतपरंपरेत ती खोलवर मुरलेली आहे.

आरंभ जात्यापासून करावा लागतो. पालमहून गंगाखेड जवळ आहे. गोदेकाठच्या या गावात जनाबाईचा जन्म झाला असे परंपरा मानते. नामदेवाच्या घरची ती दासी. दळण, कांडण, शेणगोठा हे तिचे जग, आणि याच जगातून तिचा अभंग आला. जनाबाईच्या जात्यावर हात लावायला विठ्ठल येतो ही कथा आपण भक्तीची थोरवी म्हणून ऐकत आलो. पण तिचा दुसरा अर्थही दिसू लागतो. राबणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे ऐकायला त्या घरात माणूस नव्हता, म्हणून देव आणावा लागला. त्याच जनाबाईने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात जाण्याची भाषाही केली आहे. जात्याच्या अंधारातून बाजाराच्या उजेडात येण्याची ही ओढ सहाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या समीक्षेने तिच्याकडे आध्यात्मिक धिटाई म्हणूनच पाहिले. ती एका दासीची सामाजिक धिटाईसुद्धा आहे, हे क्वचितच म्हटले गेले.

ओवी ही मराठी स्त्रीची सर्वांत मोठी सामुदायिक निर्मिती आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत १९९६ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत. तेथील बाया जात्यावर राम-सीतेच्या जागी भीमराव आणि रमाई गातात. ज्यांना शाळेने उंबऱ्याबाहेर ठेवले त्या बायांनी कोणाच्या आदेशावाचून आपल्या छंदात क्रांती करून घेतली. साहित्यातील विद्रोहाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही नोंद घेतली पाहिजे.

शालेय पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचलेली ओवी मात्र बहुधा गोड आहे. तिच्यात माहेर आहे, भाऊराया आहे, तान्हे बाळ आहे. सासुरवास आला तरी तो चवीपुरता येतो. प्रत्यक्ष जात्यावरच्या ओवीत पाठीवरचे वळ आहेत, उपाशी निजणे आहे, सवत आहे, आणि विहीर जवळ करण्याचा विचारही आहे. त्याच ओवीत मुलीला ‘सोस गं बाई’ असे सांगणारी आईसुद्धा आहे. म्हणून ओवीची सरसकट आरती करण्यात अर्थ नाही. ती साक्ष देते आणि त्याच दमात सोसायलाही शिकवते. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

मी हे वहीतून शिकलो नाही. माझ्या लहानपणी पालमला पिठाची गिरणी होती. पण लाईट गेली की, किंवा तुरीची डाळ भरडायची असली की, आई जाते ओढायची. त्या घरघरीने मी पहाटे जागा व्हायचो. आई काय गात होती ते त्या वयात कळत नव्हते. रात्री काय झाले होते ते मात्र माहीत होते. पुढे एम. ए.ला लोकसाहित्य हा पेपर आला तेव्हा तिच्याकडून त्या ओव्या पुन्हा म्हणवून घेतल्या. त्यांत भोग होता, नशीब होते, सटवाईने लिहिलेले कपाळ होते. हात मात्र कोणाचा, ते एकाही ओवीत नव्हते. मी विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, “नवऱ्याचं नाव घेत असतेत का?”

या उत्तरात एक अख्खे काव्यशास्त्र आहे. आपल्या समाजात बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. ओवीत तो ‘कंथ’ असतो, ‘भरतार’ असतो, ‘हवशा’ असतो. त्याचे नाव उच्चारण्याची सोय एकाच गीतप्रकाराने ठेवली आहे, ती म्हणजे उखाणा. आणि उखाण्याची अट अशी की नाव घ्यायचे ते गौरवानेच. चांदीच्या ताटात, सोन्याच्या वाटीत, चारचौघींच्या कौतुकात. ज्या भाषेत बाईला मारणाऱ्याचे नाव फक्त स्तुतीच्या यमकातच घेता येते, त्या भाषेत तिने तक्रार कोणत्या छंदात करावी? मारणारा कर्ता आमच्या गाण्यांतून कसा नाहीसा झाला, याचे उत्तर मला या रिवाजात सापडते.

घरातील जाच ज्या परंपरेने उघड्यावर आणला, ती भारुडाची. ती आपल्याच मराठवाड्यातली, पैठणच्या एकनाथांची. सासरचे एकेक माणूस दूर कर म्हणून भवानीला साकडे घालणारी त्यांच्या भारुडातली बाई आजही गावोगाव हशा पिकवते. हशा ओसरला की निरूपणकार सांगतो की सासू-सासरे म्हणजे विकार आणि बाई म्हणजे मुक्तीला आतुर झालेला जीव. झाले. बाईचे गाऱ्हाणे क्षणात परमार्थात विरून गेले. नाथांची करुणा थोर होती, यात शंका नाही. परंतु रूपक झाले की दुःखाला पत्ता राहत नाही, हेही तितकेच खरे. याच्या उलट वेरूळजवळच्या देवगावची बहिणाबाई. तुकोबांची ही शिष्या १६२८ ते १७०० या काळातली. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तिने नवऱ्याने बांधून मारल्याचे सरळ लिहून ठेवले आहे. मराठीत एका स्त्रीने स्वतःच्या नवऱ्याच्या माराची लेखी साक्ष दिल्याला तीनशे वर्षे उलटून गेली. पण तिची ही साक्ष आपण ऐकतो ती भक्ताची सत्त्वपरीक्षा म्हणून. म्हणजे बाईने नाव घेतले, तरी ऐकणाऱ्याने ते ऐकायचे नाही अशी सोय करून ठेवली.

आता आपल्या परंपरेकडे वळू. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला आणि दरबारी छंद कुणब्या-शूद्रांच्या हाती दिला. सत्यशोधकी जलशाने आणि पुढे आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेऊन आतला माल बदलला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने खेडीच्या खेडी हलवली. देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) तर गावोगाव फिरत राहिले. आमच्या भागातील दलित वस्तीत शाळेआधी वामनदादांचे गाणे पोचले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या शाहिरांचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो.

तमाशातील गौळण आणि बतावणी जलशाने बदलली वा टाकून दिली. आपल्या आया-बहिणींचा देह बाजारात उभा राहू नये ही त्यामागची भूमिका योग्यच होती. पण देहाबरोबर बाईचा आवाजही त्या रंगमंचावर फारसा आला नाही. जलशात बाईचे काम पुरुषच करीत. तेव्हापासून आपल्या गाण्यात बाई आली ती बहुधा दोन रूपांत. एक, भीमाई-रमाई ही माता. दुसरी, सवर्णांच्या अत्याचाराची बळी. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली तेव्हा आपली गाणी गावोगाव पेटून उठली, आणि तो धर्म होता. सवर्ण अत्याचाऱ्याला आपला शाहीर नावानिशी विचारतो. मात्र ज्या बाईवर आपल्याच घरात हात उगारला जातो तिच्यासाठी आपल्या बाडात गाणे शोधू लागलो तर हाती काय लागते? दारूबंदीचे गाणे. त्यात नवऱ्याचा मार येतो; पण तो दारूच्या खात्यावर जमा होतो. दारू सुटली की मार सुटेल, असा त्या गाण्याचा हिशेब आहे.

माझे वडील दारू पीत नव्हते. वस्तीच्या गायन पार्टीत ढोलकी त्यांची असे. १४ एप्रिल असो, ६ डिसेंबर असो की एखाद्याची पुण्यतिथी, त्यांच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. हिंदू कोड बिलावरचे गाणे ते फार प्रेमाने म्हणत. स्त्रियांच्या हक्काचे हे बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपद सोडले, हा इतिहास मला प्रथम त्यांच्याच तोंडून कळला. त्यांचा आवाज त्या कडव्याला भरून यायचा. ते ढोंग नव्हते. हे मी मुलगा म्हणून सांगू शकतो. आणि घरी परतल्यावर त्याच हाताने काय व्हायचे, तेही मी मुलगा म्हणूनच सांगू शकतो. एकाच माणसात या दोन गोष्टी नांदू शकल्या. कारण ज्या गाण्याने त्यांना डोळस केले, त्या गाण्याने त्यांच्या स्वतःच्या हाताकडे कधी बोट दाखवले नाही. गाणे ‘समाजाला’ उद्देशून होते. समाज म्हणजे नेहमी दुसरा कोणीतरी.

येथे आक्षेप येईल, आणि तो येतोच. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला ऐकवले, “सर, घरातली धुणी चौकात कशाला? आधीच आपल्याला रानटी म्हणणारे कमी आहेत का?” ही भीती खोटी नाही. दलित पुरुषाला हिंसक ठरवून स्वतःच्या वाड्यातील बंद दारे झाकणारे टपूनच बसलेले असतात. मार हा आमच्याच वस्तीचा गुण आहे असे जो म्हणेल, त्याला बहिणाबाईचे अभंग वाचायला द्यावेत. ती ब्राह्मणाच्या घरात मार खात होती. परंतु शत्रू हसेल म्हणून आपल्या बाईने गप्प बसावे, ही अट बाबासाहेबांनी कधी घातली होती? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाची महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांचे ठराव तेथे झाले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, हे बाबासाहेबांनी तेथे भर सभेत सांगितले. शत्रू तेव्हाही होतेच. या बायांचा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात मांडला. त्यात नागपूरच्या त्या बाया ठराव करणाऱ्या आहेत, नुसत्या उपदेश ऐकणाऱ्या नाहीत.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाचा (१९८६) दाखला येथे महत्त्वाचा आहे. वस्तीतील कोवळ्या सुनांच्या पायांत घातला जाणारा खोडा, कापली जाणारी नाके, हे त्यांनी निर्भयपणे लिहिले. आपले लेखन त्या वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवत होत्या, आणि नवऱ्याचा मार त्यांनी स्वतःही खाल्ला होता, हे मात्र पुस्तक येऊन बरीच वर्षे झाल्यावर इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत आले. एवढ्या धीट लेखणीलाही समाजाचे दुःख सांगताना स्वतःच्या घरातला कर्ता बाजूला ठेवावा लागला. हा त्यांचा दोष नव्हे. त्या लेखणीवर केवढे ओझे होते, याचे ते माप आहे.

स्त्रीमुक्तीच्या चळवळीने हे मौन फोडायला लोकछंदच जवळ केले. स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचे नाटक १९८३ पासून महाराष्ट्रभर झाले. ओळखीच्या चालींतून घरातील गोष्ट चव्हाट्यावर आली हे त्याचे मोठे यश. त्याच वर्षी नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रौर्याला शिक्षा ठरवणारे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा झाला. परंतु सासरी राबणारी सून जेव्हा परक्याच्या रानातही राबते, कोयत्याच्या जोडीत नवऱ्याच्या नावे उचल घेऊन कारखान्यावर जाते, तेव्हा तिची जात आणि तिचा मार वेगळे काढता येत नाहीत. ती बाई शहरी संघटनांच्या गाण्यात पुरेशी आली नाही, असे मला वाटते. पुढे हेच साधन सरकारी योजनांनी उचलले. कलापथके आली, बॅनर आले, लेक वाचवा, लेक शिकवा. गाणे पुन्हा वरून खाली बोलू लागले. माझा पोवाडा याच घाटणीचा होता, हे आता कबूल करायला हवे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. मेक्सिकोत आपल्या पोवाड्याशी नाते सांगणारा ‘कोरिदो’ नावाचा कथागीतप्रकार आहे. १९१०च्या तेथील क्रांतीत शूरांच्या आणि बंडखोरांच्या कथा त्यातून देशभर पोचल्या. तोही पुरुषांचाच छंद. त्यातील एक प्रसिद्ध जुना कोरिदो रोसिता आल्विरेस या मुलीचा आहे. आई नको म्हणत असताना ती नाचाच्या मेळ्याला जाते, एका पुरुषाबरोबर नाचायला नकार देते, आणि तो तिला गोळ्या घालतो. मारणाऱ्याचे नाव गाण्यात आहे, तो तुरुंगातही जातो. तरी आईचे न ऐकल्याचा ठपका मुलीवर राहतोच. गाण्याची घटना ज्या कोआविला प्रांतात घडते, त्याच प्रांतातील विविर किंताना या गायिकेने २०२० साली स्त्रियांच्या हत्यांविरुद्ध गाणे रचले, आणि ७ मार्च २०२० ला मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात मोन लाफेर्ते ही प्रख्यात गायिका आणि बायांचा मोठा गायकवृंद यांनी तिच्यासह ते गायले. त्या गाण्यातील बाई एकेका स्त्रीचे नाव घेऊन ‘ती मीच’ असे म्हणते, आणि राज्यकर्त्यांना व न्यायाधीशांना थेट उद्देशून बोलते. पुढे २०२५ साली तिने कोरिदोंचा एक संग्रहच काढला. छळणाऱ्या पुरुषाचा जीव स्वसंरक्षणात घेतल्यामुळे तुरुंगात पडलेल्या बायांच्या त्या कथा आहेत. ज्या छंदाने शतकभर बंदूकवाल्यांना नायक केले, त्याच्या नायिका आता या झाल्या. छंद जुनाच आहे. बोलणारी बदलली, ऐकणारा बदलला, आणि ठपक्याची जागा बदलली. लोकछंदाचे नूतनीकरण म्हणजे नव्या शब्दांना जुनी चाल लावणे, अशी जी सोपी समजूत आपल्याकडे आहे, ती या उदाहरणापुढे टिकत नाही.

आम्ही काय केले, तेही थोडक्यात सांगतो. शिबिरानंतर आमच्या मुली त्याच गावी चार-पाच वेळा गेल्या. म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांनी ओव्या उतरून घेतल्या. मी गेलो नाही; मी गेलो की बाया डोक्यावर पदर घेऊन भक्तीच्या ओव्या म्हणतात, हे एकदा पाहिले होते. मग मुलींनी स्वतःच्या ओव्या बांधल्या. पहिली अशी होती :

पाठीवरचा वळ बाई, किती दिस झाकू
मारणाऱ्याचं नाव आता, पोटात किती राखू

कोणा एका माणसाचे नाव गाण्यात घालायचे नाही, कारण उद्या त्याचा त्रास त्याच घरच्या बाईला होईल, असे मुलींनीच ठरवले. पण नाते लपवायचे नाही. म्हणून पुढच्या ओव्यांत एकेकाला हाक आली. नवरा आला, सासरा आला, दीर आला, बहिणीच्या शिक्षणाच्या आड येणारा भाऊ आला. शेवटच्या ओवीत ‘सर’ आला. वही माझ्या हातात होती. मी थबकलो. “हे राहू द्यायचं का?” असे मी विचारले. एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्हीच म्हणता ना, कर्ता पाहिजे म्हणून?” ती ओवी राहिली. ती राहिली म्हणून आमच्यातले काही लोक नाराज झाले, आणि कोणत्या कारणाने झाले याचा मी अजून विचार करतो आहे.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मुलींनी त्या ओव्या पालममध्ये आमच्या वस्तीच्या चौकात म्हटल्या. मध्ये जाते मांडले होते. माझी मुले या वेळी मागे होती, झील धरायला. पुरुष लांब, भिंतीला टेकून उभे होते. दोघे-तिघे मधूनच निघून गेले. वडिलांच्या वेळच्या गायन पार्टीतला एक म्हातारा मात्र पुढे येऊन बसला आणि न सांगता त्याने ढोलकीवर ठेका धरला. कोणाचे हृदयपरिवर्तन झाल्याचा दावा मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी दोन बाया मुलींना शोधत आल्या आणि तालुक्याला संरक्षण अधिकारी कोठे बसतो ते विचारून गेल्या. गाण्याने केलेले काम मोजायचेच असेल, तर मी ते एवढेच मोजतो.

जागृती कोणाची करायची, याचा निर्णय आपल्या शाहिरांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आता केला पाहिजे. मार खाणारी बाई जागीच आहे. पहाटे चारला जात्यावर बसणारीला तुम्ही काय जागे करणार? झोप आहे ती भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांना. येत्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात शेजारच्या गावाहून आणखी एक गायन पार्टी मागवण्याऐवजी एक तास वस्तीतल्या बायांच्या ओवीला द्यावा. ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्यावा. पुरुषांनी खाली बसावे, उठून जाऊ नये. रमाईच्या त्यागाचे गाणे म्हणणाऱ्याने त्या रात्री आपल्या घरच्या बाईकडे एकदा पाहावे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. वडील आता नाहीत. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “त्यांचं नाव टाकलंस का?” मी म्हणालो, “नाही टाकलं.” ती काही बोलली नाही. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याचे नाव घेत नसतात असे मानणाऱ्या बाईने तो प्रश्न विचारला, आणि मराठी शिकवणाऱ्या तिच्या मुलाला उत्तर देता आले नाही. या लेखात कर्ता ‘वडील’ एवढाच आला आहे. समीक्षेच्या दृष्टीने ही या लेखातील उणीव आहे, आणि ती मी मान्य करतो.